थेंब निजला तर काच पास

काचेवर पाण्याचा थेंब टाकला तर तो दोनपैकी एक गोष्ट करतो. निजतो, नाहीतर उठून बसतो. काच स्वच्छ असेल तर थेंब अंग सैल सोडतो, पसरत जातो, इतका पातळ होतो की त्याची कड शोधायला डोळे बारीक करावे लागतात. काचेला नुसतं बोट जरी लागलेलं असलं तरी तोच थेंब अंग चोरतो, मण्यासारखा फुगून बसतो आणि काच जरा तिरपी केली की घरंगळून चालता होतो. अळवावरचं पाणी म्हणतात ते हेच. अळवाच्या पानाचा तो स्वभाव आहे. काचेचा मात्र तो रोग.

हे आक्काला कुणी शिकवलं नव्हतं. आरशांच्या कारखान्यात ती आली ती धुणारी म्हणून. शाळा चौथीपर्यंत, पदरात दोन मुली, नवरा वेल्डर आणि त्याचं काम कधी आहे तर कधी नाही. कारखान्यातलं काम तसं सरळ होतं. साधी काच यायची, तिला गुलाबी पावडरीने घासायचं, धुण्याच्या औषधाने धुवायचं, मग एकामागून एक तीन हौदांत विसळायचं. तिसऱ्या हौदातलं पाणी गाळून गाळून क्षार काढलेलं, सगळ्यात महागाचं. तिथून काच चांदीवाल्याकडे. तो पाठीमागून चांदीचं पाणी सोडायचा, त्यावर रंगाचा हात मारायचा, की झाला आरसा.

पण दहातल्या एखाद्या आरशाला डाग यायचे. ढगासारखे, करडे. चांदी तिथे नीट धरायची नाही, पोपडा सुटायचा. मग आरडाओरडा, आणि शिव्या धुणाऱ्या बायकांना. चांदीवाल्याला कुणी बोलत नसे, कारण तो रुसून घरी बसला तर कारखाना बंद पडला असता. धुणारी रुसली तर दारात दुसरी उभी होती.

आक्काने मात्र एक गोष्ट हेरली. तिसऱ्या हौदातून काच वर काढली की काही काचांवरून पाणी अख्ख्या पडद्यासारखं खाली उतरतं, आणि काहींवर मध्येच फाटतं, गोळा होतं, मणी मणी होऊन बसतं. तिने महिनाभर असल्या काचांच्या कोपऱ्यात मेणखडूची बारीक खूण करून ठेवली. अकरा काचा निघाल्या. त्यातल्या नऊ डागाळल्या. तेव्हा ती थोरल्या मालकांकडे गेली आणि म्हणाली, “साहेब, चांदी चढवायच्या आधी पाण्याला विचारा. पाणी सांगतंय.”

थोरले मालक ऐकणाऱ्यातले होते. ही जात दुर्मिळ. त्यांनी धुणीघर आणि चांदीखान्याच्या मध्ये एक टेबल टाकून दिलं, वर एक ट्यूबलाइट तिरपी बसवली आणि घरातून औषधाच्या बाटलीचा ड्रॉपर आणून दिला. काचा उभ्या लावायच्या लाकडी चौकटीला घोडी म्हणत; प्रत्येक घोडीतली एक काच वाऱ्याने सुकवायची, मध्यात आणि चारी कोपऱ्यांत थेंब टाकायचा. निजला तर घोडी पास. उठून बसला तर परत धुवायला. डाग गेले. शंभरात एखादा उरला तर उरला. पुढे कधीतरी एक इंजिनिअर आला, टेबल बघून म्हणाला, “अहो, ही पद्धत तर पुस्तकात आहे.” आक्का म्हणाली, “असेल. पुस्तकवाल्यानेही कुठेतरी काच धुतली असेल.”

या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. थोरले मालक गेले, धाकटे आले. तिच्या मुली लग्न होऊन गेल्या. ड्रॉपरचं रबर चौदा वेळा बदललं. आक्काचे पाय संध्याकाळपर्यंत असे सुजायला लागले की चपलेचा पट्टा मांसात रुतायचा. निवृत्तीला आठ महिने उरले होते, आणि हे आठ महिने ती काचेसारखे मोजून, जपून, कड न लागता पार पाडणार होती. तिला आता काही नको होतं. फक्त शेवटच्या दिवशी त्या टेबलावरून उठायचं होतं, दुसऱ्या कुठल्या टेबलावरून नाही.

नेमके तेव्हाच आरसे परत यायला लागले.

आधी एका दुकानातून सहा. मग दुसऱ्याकडून एक अख्खा खोका. डाग बाहेर पडताना दिसत नव्हते, महिन्याभराने फुटत होते. करडे ढग, कडेला पोपडा. आक्काने एक आरसा उलटा करून नखाने रंग खरवडला. खालची चांदी हाताला आली, जुन्या जखमेची खपली यावी तशी.

“थेंब निजला होता,” ती म्हणाली. “या घोडीचा मला आठवतोय. छान निजला होता.”

“निजला होता ना? मग आता उठलाय,” चांदीवाला म्हणाला. तो तिच्याइतकाच जुना, आणि तोंडाने तिच्याइतकाच फाटका. “माझी चांदी तीच आहे आक्का. माझा हात तोच आहे. आता तुम्ही तिकडे बघा.”

तिकडे म्हणजे धुणीघरात. तिथे चौघी होत्या. त्यातल्या सगळ्यात धाकटीला नवी म्हणत. ती येऊन चार वर्षं झाली होती, तिच्यानंतर कुणाला घेतलंच नव्हतं, म्हणून ती नवीच राहिली. घरात शाळकरी मुलगी आणि अंथरुणाला खिळलेली सासू, कमावणारी ही एकटी. चौघींची बोटं औषधाने पांढरी पडलेली, पेरांना भेगा. आक्काचीही एके काळी तशीच होती. तिने दोन दिवस धुणीघरात उभं राहून बघितलं. घासणं ठीक. औषध ठीक. कुठेच कामचुकारपणा नाही. परत टेबलावर येऊन थेंब टाकला. निजला. झटकन निजला.

पाणी कुठेतरी मुरत होतं, पण कुठे ते कळेना.

गुरुवारी सुपरवायझर तिच्या टेबलाशी आला. त्याला सगळे घड्याळ म्हणत, कारण तो माणसाशी बोलताना माणसाकडे कमी आणि मनगटाकडे जास्त बघायचा. वयाने तिच्या धाकट्या मुलीएवढा.

“आक्का, दोन मिनिटं आहेत का?”

“तुम्हाला असतील तर मलाही आहेत.”

त्याने टेबलावर एक कागद ठेवला. टाइप केलेला. आक्काने चष्मा लावून सावकाश वाचला. त्यात लिहिलं होतं की गेल्या दोन महिन्यांत धुणी विभागातल्या चारही कामगार काचा निष्काळजीपणे धूत असल्याचं तपासनीस या नात्याने माझ्या वेळोवेळी लक्षात आलेलं आहे. खाली तिच्या सहीची जागा. मालक लोकांना कागद फार आवडतो. माणूस काढायचा असेल तर तो आधी कागदावर काढावा लागतो.

“हे माझ्या लक्षात कधी आलं?” आक्काने विचारलं.

“अहो, तसं लिहावं लागतं.”

“मग आणणार कुणाला?”

घड्याळाने मनगट बघितलं. “कंत्राटावर घेणार आहेत. मशीन पण येईल पुढे. हे बघा, आरसे खराब होतायत हे तर खरं ना? एक तर धुण्यात खोट आहे, नाहीतर तपासण्यात. तिसरं काय असणार? मी तुमच्या बाजूने बोललो. म्हटलं, आक्काचा थेंब सव्वीस वर्षांत चुकला नाही. चुकला नाही ना?”

“नाही,” आक्का म्हणाली. तो शब्द तिच्या तोंडून इतका पटकन निघाला की तिचं तिलाच नवल वाटलं.

“झालं तर मग. शनिवारपर्यंत द्या.”

तो गेला. काचेच्या पार्टिशनपलीकडे नवी हात पुसत उभी होती. तिला ऐकू काही गेलं नसेल, पण चार वर्षं इथे काढलेल्या बाईला कागद लांबून वाचता येतो.

जेवणाच्या सुट्टीत नवी डबा घेऊन आली, पण उघडला नाही.

“आक्का, आमच्यावर येणार का?”

“जेव आधी.”

“नाही म्हणजे, यायचं असेल तर आधी सांगा. मुलीच्या शाळेत सांगावं लागेल.”

“शाळेत काय सांगणार आहेस?”

“काय माहीत. काहीतरी सांगावंच लागेल ना.”

आक्काने तिच्या डब्याचं झाकण स्वतः उघडून तिच्या पुढे सरकवलं. आपला थेंब खरा असेल तर या पोरी खोट्या. या पोरी खऱ्या असतील तर, इथे आलं की तिचं डोकं गाडी वळवून परत यायचं.

शुक्रवारी ती घरी आली तेव्हा वेल्डर वाफ घेत बसला होता. तीस वर्षांच्या धुराने त्याची छाती खोक्यासारखी वाजायची. दिवसातून दोनदा पातेल्यात उकळतं पाणी घेऊन तो त्यावर वाकून बसे, आणि त्याच वेळी त्याला पेपर वाचायचा असे. एका वेळी एक काम करणं त्याला आयुष्यात जमलं नाही.

“अहो, चष्म्यावर वाफ धरत नाही का तुमच्या?”

“कशाला धरेल?” तो पातेल्यातूनच बोलला. “साबण लावलाय. कोरडा साबण घासायचा, फडक्याने पुसून टाकायचा. वेल्डिंगच्या मुखवट्याच्या काचेला आयुष्यभर लावला. तीस वर्षं बघतेयस, आज विचारतेस?”

खरं होतं. तीस वर्षं ती हे बघत आली होती आणि तीस वर्षांत तिने ते एकदाही बघितलं नव्हतं. घरात काच म्हणजे काच, तिथे कोण थेंब टाकतं? ती तशीच, पर्ससकट, चपलेसकट उभी राहिली.

“तो चष्मा द्या इकडे.”

“अगं, वाचतोय.”

“द्या म्हणते ना.”

जुना, जाड काचेचा चष्मा. तिने खिडकीपाशी नेला, बोट पाण्यात बुडवलं आणि एक थेंब सोडला. थेंब निजला. नुसता निजला नाही, धावत सुटला. कडेला फाटल्यासारखा, घाईघाईने, जणू मागे कोणी लागलंय. हा थेंब ओळखीचा होता. दोन महिने हाच थेंब तिच्या टेबलावर पडत होता, आणि चहाच्या वेळी ती फुशारकीने म्हणाली होती की हल्ली थेंब कसा झटकन निजतो, पोरींचा हात बसला बघा.

तिने चष्मा नळाखाली धरला. चांगला पाच मिनिटं. फुंकून सुकवला आणि परत थेंब टाकला. थेंब उठून बसला. गोल, टपोरा. काचेवर नवऱ्याच्या कपाळाचं तेल कधीचं होतं तिथेच होतं. वर साबण होता म्हणून ते दिसलं नव्हतं.

“काय झालं?” वेल्डरने विचारलं. पातेल्यातून तोंड काढल्यामुळे तो उकडलेल्या माणसासारखा लाल दिसत होता.

“तेलकट काचेवर पाणी पसरत नाही. पण मध्ये साबण असला तर पसरतं.”

“पसरणारच. साबण म्हणजे मध्यस्थ. इकडे तेलाचा हात धरणार, तिकडे पाण्याचा, दोघांना सांगणार तुमचं छान जमेल. लग्न कसं टिकतंय ते त्याला काय घेणं?” तो स्वतःच्याच विनोदावर हसला आणि हसता हसता खोकला. खोकला थांबल्यावर त्याने बायकोकडे बघितलं. “एवढं तोंड पाडून काय उभी राहिलीस?”

आक्का खाली बसली. मग तिने नवऱ्याला तिसऱ्या हौदाची गोष्ट सांगितली. ती तिने कुणालाच सांगितली नव्हती. स्वतःलासुद्धा.

दोन महिन्यांपूर्वी तिसऱ्या हौदाला तळाशी चीर गेली. दुरुस्तीला वेळ लागणार होता. घड्याळ तिच्याकडे आला, म्हणाला, “आक्का, तोवर दोन हौदांवर चालेल का? तुम्ही सांगाल तसं.” तुम्ही सांगाल तसं. निवृत्ती तोंडावर आलेल्या बाईला हे तीन शब्द किती गोड लागतात ते घड्याळाला नक्की माहीत होतं. तिने दोन हौदांतून काढलेल्या काचेवर थेंब टाकला. निजला. आधीपेक्षाही चांगला. तिने सांगून टाकलं, चालेल. आठवडाभराने हौद दुरुस्त झाला, पण मग घड्याळ म्हणाला, चालतंय ना, मग कशाला ते महागाचं पाणी? आणि हौदावर फळी टाकून त्यावर रिकामे डबे रचले.

धुण्याचं औषध दोन हौदांत पुरतं जात नव्हतं. काचेवर त्याचा पापुद्रा राहत होता, नजरेला न दिसणारा, आणि तो तिच्या थेंबाला गोड बोलून निजवत होता. चांदी मात्र त्या पापुद्र्यावर बसत होती. किती दिवस बसणार?

“म्हणजे त्या पोरींची चूक नाही,” वेल्डर म्हणाला.

“नाही.”

“तुझी आहे.”

बायकोला हे सांगायला धाडस लागतं. आक्का उठली. मग म्हणाली, “पातेल्यातलं पाणी गार झालं तुमच्या. परत तापवते.”

शनिवारी ती कागद तसाच, बिनसहीचा घेऊन गेली. सकाळी पोचल्या पोचल्या चांदीवाल्याला म्हणाली, “तुमच्याकडे काचेची रिकामी बाटली आहे ना झाकणाची? द्या जरा.” मग धुणीघरात जाऊन दोन हौदांतून निघालेली एक काच स्वच्छ परातीत उभी धरली, तिसऱ्या हौदाच्या नळाचं गाळलेलं पाणी वरून सोडलं, परातीत जमलेलं पाणी बाटलीत भरलं. चौघी बघत होत्या.

“आक्का, काय करताय?”

“माझी परीक्षा.”

धाकटे मालक दहाला आले. माणूस वाईट नव्हता. घाईत होता एवढंच, आणि घाईतल्या चांगल्या माणसाने जेवढं नुकसान होतं तेवढं वाईट माणसाने होत नाही. सोबत घड्याळ.

“आक्का, तो कागद?”

“देते. आधी एक काच तपासायची आहे. तुम्ही तपासा. सुपरवायझर साहेब, तुम्ही पण या.”

तिने खिडकीच्या काचेचा एक तुकडा टेबलावर ठेवला, आपलं बोट नाकाच्या शेंड्यावरून आणि कपाळावरून सावकाश फिरवलं आणि ते काचेवर आडवं ओढलं. ड्रॉपरने थेंब टाकला. थेंब ताठ उठून बसला.

“पास?”

“नापास,” घड्याळ म्हणाला. “हे काय आक्का, सकाळी सकाळी.”

तिने एका फडक्याने त्याच जागी धुण्याच्या औषधाचं पुसटसं बोट लावलं, पुसून कोरडं केलं. काच लखलखीत. पुन्हा थेंब. तो सर्रकन पसरला, ट्यूबलाइटच्या उजेडात दिसेनासा झाला.

“आता?”

धाकटे मालक वाकून बघत होते. “पास.”

“माझं नाक आहे अजून त्याच्यावर,” आक्का म्हणाली. “तुम्ही नाक पास केलंत.”

चांदीवाला दारात उभा होता तो हसला. बाकी कुणी हसलं नाही. आक्काने बाटली उचलली आणि गच्च झाकण लावून हलवली. दहा-बारा वेळा. पाण्यावर बोटभर फेस उभा राहिला, आणि उभाच राहिला.

“हे आपल्या घोडीतल्या काचेवरून काढलंय. धुऊन झालेल्या, माझा थेंब पास झालेल्या. या पोरी मेल्या घासून घासून. औषध विसळायला तिसरा हौद होता. तो बंद आहे. औषध काचेवर राहतंय, त्याच्यावर चांदी चढतेय, महिन्याभराने सुटतेय.”

“हौद बंद कोणी केला?” धाकट्या मालकांनी घड्याळाकडे बघत विचारलं.

घड्याळाने मनगटाकडे बघितलं नाही. त्याने आक्काकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर तिला पोरवय दिसलं. तो म्हणू शकत होता, आक्काने सांगितलं म्हणून. तो ते म्हणायच्या आतच आक्का बोलली, कारण दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं तिला सहन झालं नसतं.

“मी सांगितलं, चालेल म्हणून. थेंब बघून सांगितलं.”

पार्टिशनच्या पलीकडे चौघींचे हात थांबले होते.

“म्हणजे आक्का, दोन महिने खराब काचा तुम्ही पास केल्या.”

“हो.”

“रोज.”

“रोज. तुम्हाला लिहून हवं असेल तर लिहून देते. हा कागद नका वाया घालवू, मागची बाजू कोरी आहे.”

तिने स्वतःच्या हाताने लिहिलं. चौथीच्या अक्षरात, मोठं, ओळ खाली उतरत जाणारं. किती घोड्या पास केल्या तो आकडा सोडून सगळं. सही केली आणि कागद धाकट्या मालकांपुढे सरकवला.

दुपारपर्यंत तिसऱ्या हौदावरची फळी निघाली. चौघींना कुणी काही बोललं नाही. माफी कोणी मागितली नाही, मागत नसतातच. नवीने एकदा पार्टिशनमधून बघितलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि पुढची काच उचलली. तेवढं पुरे होतं. आभार मानले असते तर आक्का चिडली असती.

सोमवारी तिला पॅकिंगला पाठवलं. धाकट्या मालकांनी स्वतः सांगितलं, मान खाली घालून, की दुकानदार विचारतायत, तपासनीस बदलला हे त्यांना सांगता आलं पाहिजे. उरलेले आठ महिने बसून काम, पाय पण सुजणार नाहीत. आक्का म्हणाली, “बरं.” भांडायला तिच्याकडे शब्द पुष्कळ होते. आजवर तिने कारखान्यात कितीतरी भांडणं केली होती, ओव्हरटाइमसाठी, हातमोज्यांसाठी, बायकांच्या संडासाला कडी बसवण्यासाठी. पण ती सगळी भांडणं खरी बाजू आपली असताना केली होती. चुकीच्या बाजूने कसं भांडतात याची तिला सवय नव्हती.

टेबल नवीला दिलं. ड्रॉपर देताना आक्काने त्याचं रबर दाबून बघितलं, म्हणाली, “महिन्याने बदलावं लागेल,” आणि निघून गेली.

पॅकिंगमध्ये एक नवीच गोष्ट तिच्या वाट्याला आली. सव्वीस वर्षं तिने काच बघितली ती चांदी चढायच्या आधीची, आरपार दिसणारी. आता तिच्या पुढ्यात तयार आरसे यायचे. कागद गुंडाळायचा, कोपऱ्यांना पुठ्ठा लावायचा, दोरी. आणि प्रत्येक आरशात तिचंच तोंड. दिवसाला दीडशे वेळा. डोळ्यांखाली पिशव्या, हनुवटीवर दोन केस, ओठ असे मिटलेले की जणू कोणी शिवलेत. पहिल्या दिवशी ती त्या बाईवर वैतागली. दुसऱ्या दिवसापासून तिने आरसे पालथे घालून गुंडाळायला सुरुवात केली.

“आक्का, सरळ ठेवून गुंडाळायचा असतो,” पॅकिंगवाली म्हणाली.

“तू ठेव सरळ. तुझं वय आहे.”

तीन आठवड्यांनी, दुपारी, नवी पॅकिंगच्या दारात आली. हातात कोपऱ्याला धरलेली काच. सगळ्यांसमोर आत यावं की नाही ते तिला ठरवता येत नव्हतं.

“आक्का, जरा बघता का? थेंब निजलाय. पण मला तो आवडत नाहीये.”

“मला काय विचारतेस? मी पॅकिंगची.”

“बरं,” नवी म्हणाली, आणि तिथेच उभी राहिली.

आक्काने दोरीची गाठ मारली. सावकाश, दोनदा. मग हात साडीला पुसला, थांबली, साडीला लागलेला गोंद आठवून हात धुवायला नळावर गेली. कोरडे करून आली. काच घेऊन खिडकीशी तिरपी धरली. थेंब पसरलेला होता, पण त्याची कड फाटकी होती, एका बाजूला जिभेसारखी पुढे गेलेली. आवडण्यासारखा थेंब नव्हताच तो.

“तिसऱ्या हौदातलं पाणी कधी बदललं?”

“काल बदलायचं होतं. सुपरवायझर म्हणाले, आज संध्याकाळी बदलू.”

“हं.” आक्काने काच परत दिली. “ही जागा गाळलेल्या पाण्याने धू. चांगली, शंभर म्हणेपर्यंत. सुकव. मग दुसरा थेंब टाक त्याच जागी. पहिल्यावर सही करायची नाही, कधीच. आणि घड्याळाला सांग, संध्याकाळी नाही, आत्ता.”

“ते ऐकतील?”

“पालथ्या घड्यावर पाणी असेल. तरी ओत.”

नवी गेली. आक्का स्टुलावर बसली, पाय खोक्यावर टाकले. सुजले होते. बसून काम केलं तरी सुजायचेच, हे धाकट्या मालकांना कोण सांगणार. तीन आरसे गुंडाळून झाले. चौथा तिने ओढला आणि सवयीने पालथा करायला गेली, तेवढ्यात पार्टिशनपलीकडून नवीचा आवाज आला. घड्याळाला ऐकू जाईल इतका मोठा.

“दुसरा उठून बसला, आक्का.”

“मग घोडी परत पाठव,” आक्का तिथूनच म्हणाली, आणि दोरीचं टोक दातात धरून आरसा गुंडाळायला लागली.